शरीरातले बदल आणि मनातली धास्ती

मानेवरून सहज हात फिरवताना एखाद्या दिवशी बोटांना वाटाण्याएवढी गाठ लागते. जिना चढताना छातीतला एक ठोका चुकल्यासारखा वाटतो. आरशासमोर जीभ पुढे काढावी, तो तिच्या मुळाशी पूर्वी कधी न पाहिलेले फुगवटे दिसतात. डोळ्याची पापणी तीन दिवस लवत राहते. यांपैकी कशालाही रोग म्हणता येत नाही. परंतु 'हे काहीच नाही' असे म्हणण्याचाही धीर होत नाही. आरोग्य आणि आजार यांच्या मधल्या या अवस्थेत अनेक माणसे महिनोन्‌महिने काढतात. ती कामावर जातात, लग्नकार्यांना हजेरी लावतात, हसतात, बोलतात. पण त्यांचे अर्धे लक्ष सदैव त्या गाठीकडे किंवा त्या ठोक्याकडे लागलेले असते. अशा माणसाने काय करावे, याचा विचार आज आपल्याला करावयाचा आहे.

शरीरातल्या बारीकसारीक हालचालींना अर्थ लावण्याची सवय आपल्या समाजाला नवी नाही. डोळा लवला म्हणजे उजवा की डावा, पुरुषाचा की स्त्रीचा, याची चौकशी करून आपली वडीलधारी माणसे शुभाशुभ ठरवीत असत. आज त्या शकुनांवरचा विश्वास उडाला आहे. पण अर्थ लावण्याची हौस मात्र टिकून आहे. पापणी लवली की माणूस मोबाईल हातात घेतो आणि कारण शोधू लागतो. तेथे पहिल्या चार ओळींत जागरण, चहाचा अतिरेक, डोळ्यांचा थकवा अशी साधी कारणे दिलेली असतात आणि पाचव्या ओळीत मज्जासंस्थेच्या एखाद्या असाध्य रोगाचे नाव असते. चिंतातुर माणसाची नजर नेमकी त्या पाचव्या ओळीवर खिळते. रात्री दोनपर्यंत तो वाचीत बसतो, त्या जागरणाने पापणी दुसऱ्या दिवशी अधिकच लवते, आणि आपली शंका खरी ठरल्याचा पुरावा त्याला मिळतो. 'मन चिंती ते वैरी न चिंती' असे आपल्याकडे म्हणतात, ते उगीच नव्हे.

अशा माणसाला 'हे सारे तुझ्या मनाचे खेळ आहेत' असे सांगणे अन्यायाचे आहे आणि चुकीचेही आहे. त्याला जे जाणवते ते खरोखरच त्याच्या शरीरात घडत असते. भीती वाटली की मूत्रपिंडांच्या माथ्यावरील ग्रंथींतून ॲड्रेनॅलिन हा स्राव रक्तात मिसळतो. हृदय जलद चालू लागते, हातांना कंप सुटतो, घाम येतो, पोटात गोळा आल्यासारखे होते. श्वास भराभर चालू लागला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड वायू प्रमाणाबाहेर कमी होतो. त्यामुळे ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या येतात, डोके हलके होते. भीतीने निर्माण केलेली ही लक्षणे पाहून माणूस आणखी भितो आणि भीती वाढली की लक्षणेही वाढतात. हे रहाट एकदा फिरू लागले म्हणजे ते आपल्याच गतीने फिरत राहते. चरकसंहितेत रोग वाढविणाऱ्या गोष्टींमध्ये विषादाला अग्रस्थान दिले आहे. त्या प्राचीन वैद्यांना ॲड्रेनॅलिन ठाऊक नव्हते. पण खिन्न आणि भयग्रस्त मनाने दुखणे बळावते, हे त्यांनी रुग्णांच्या उशाशी बसून पाहिले असले पाहिजे.

दुसरी गोष्ट लक्ष देण्याची. आपण आता हे भाषण ऐकत असताना पायातल्या चपलेचा पट्टा किंवा मनगटावरचे घड्याळ आपणांस जाणवत नव्हते. मी नाव घेताच ते जाणवू लागले असेल. लक्ष जेथे जाते तेथली संवेदना मोठी होते. जो माणूस दिवसातून वीस वेळा नाडी पाहतो, त्याला नाडीतला प्रत्येक फरक कळू लागतो. आणि जो मानेतली गाठ दर तासाला चाचपतो, तो त्या जागेचे मांस दाबून दाबून दुखरे करतो; मग ती दुखते म्हणून पुन्हा चाचपतो. काट्याचा नायटा होतो तो असा.

शिवाय आपले शरीर आपण रोज वागवीत असलो, तरी त्याची रचना आपणांस फारशी ठाऊक नसते. छातीच्या मधल्या हाडाचे खालचे टोक तलवारीच्या टोकासारखे असते. तारुण्यात ते कूर्चेचे असते, मध्यम वयात हळूहळू हाडासारखे कठीण होते. आणि वजन थोडे उतरले की पोटाच्या वरच्या खळग्यात ते हाताला लागते. चाळिशी ओलांडलेल्या कितीतरी माणसांना ते पहिल्यांदा लागते तेव्हा पोटात कर्करोगाची गाठ झाल्याची त्यांची खात्री होते. जिभेच्या मुळाशी आठ ते बारा मोठे उंचवटे ओळीने असतात. ते जन्मापासूनच तेथे असतात, फक्त आपण पाहिलेले नसतात. मान, काख आणि जांघ यांत रसग्रंथी असतात. घसा बसला, दाढ किडली किंवा पायाला जखम झाली की त्या त्या भागातल्या ग्रंथी सुजतात, आणि दुखणे बरे झाल्यावरही एखादी वाटाण्याएवढी, मऊ, बोटाखाली सरकणारी ग्रंथी दीर्घकाळ राहू शकते. छातीतला 'चुकलेला' ठोका बहुधा चुकलेला नसतोच; एक ठोका वेळेच्या जरा आधी पडतो, मागोमाग क्षणाचा विराम येतो आणि पुढचा ठोका जोराने जाणवतो. निरोगी माणसांतही असे ठोके पडतात. त्यांच्या जोडीला चक्कर, शुद्ध हरपणे किंवा धाप असेल, तर मात्र तपासून घ्यावयास हवे.

यावरून कोणी असा अर्थ घेऊ नये की शरीरातल्या कोणत्याही बदलाकडे पाहूच नये. आपल्याकडे भिऊन सारखे डॉक्टरांकडे धावणारे जसे आहेत, तसेच भीतीपोटीच डॉक्टरांचे दार टाळणारेही आहेत. 'जे असेल ते कळायलाच नको' अशी त्यांची वृत्ती असते, आणि तिची किंमत फार मोठी पडते. म्हणून काही गोष्टी पक्क्या लक्षात ठेवाव्यात. दोन आठवड्यांहून अधिक टिकलेला खोकला. तीन आठवड्यांत न भरलेले तोंडातले क्षत, विशेषतः तंबाखू, मावा किंवा गुटखा खाणाऱ्याच्या तोंडातले. तितकाच काळ बसलेला आवाज. कठीण, न सरकणारी किंवा वाढत जाणारी गाठ. स्तनातली कोणतीही नवी गाठ. थुंकीतून, लघवीतून वा शौचावाटे जाणारे रक्त. कारण नसताना घटणारे वजन. रोज येणारा ताप आणि रात्री कपडे भिजविणारा घाम. रंग किंवा आकार बदलणारा तीळ. यांपैकी काही दिसले तर चिंता करीत न बसता डॉक्टरांना दाखवावे. छाती आवळून घाम सुटला, किंवा एकाएकी तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला, बोबडी वळली, तर घरात विचारविनिमय करीत न बसता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

उरलेल्या बदलांसाठी एक साधा नियम सांगता येईल: बदल एकदा नीट दाखवावा, एकाच डॉक्टरांना दाखवावा, आणि पुढे काय करावयाचे ते तारखेसह लिहून घ्यावे. 'ही गाठ साधी वाटते. सहा आठवड्यांनी पुन्हा पाहू. मध्यंतरी वाढली तर आधी या', एवढे शब्द कागदावर असले म्हणजे पुष्कळ आहे. त्या सहा आठवड्यांत पाहणे हे डॉक्टरांचे काम, आपले नव्हे. जो माणूस आज रावपुऱ्यात, उद्या अलकापुरीत आणि परवा अहमदाबादेत दाखवितो, त्याला तीन ठिकाणी तीन शब्द ऐकावयास मिळतात. अर्थ एकच असला तरी शब्दांतला फरक त्याच्या मनात घर करतो, आणि तिन्ही डॉक्टरांपैकी त्याला अखंड ओळखणारा एकही राहत नाही.

चाचण्यांविषयीही असेच. सर्व शरीराची एकदम तपासणी करून घेतली म्हणजे मन निश्चिंत होईल, असे अनेकांना वाटते. येथे थोडे गणित मांडू. रक्ताच्या बहुतेक चाचण्यांची 'योग्य मर्यादा' अशी ठरवितात की शंभर निरोगी माणसांपैकी पंचाण्णवांचे आकडे तीत बसावेत. म्हणजे उरलेले पाच जण निरोगी असूनही मर्यादेबाहेर पडतात. आता एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस चाचण्या एका निरोगी माणसाने केल्या, तर किमान एक आकडा मर्यादेबाहेर येण्याचा संभव शंभरात सुमारे चौसष्ट इतका निघतो. अहवालात तो आकडा ठळक अक्षरांत छापलेला असतो आणि धास्तावलेल्या मनाला नवे खाद्य मिळते. ज्या प्रश्नाचे उत्तर हवे आहे त्याच प्रश्नाची चाचणी करावी, आणि ती कोणती हे डॉक्टरांनी ठरवावे.

आता सर्वांत कठीण प्रश्नाकडे वळू. तपासणी झाली, भयंकर असे काही नाही हे कळले, आणि तरीही तक्रार राहिली तर? झोप येत नाही, अंग दुखते, थकवा जात नाही; आणि त्याचे निश्चित कारण कोणालाच सांगता येत नाही. अशा वेळी मनुष्य म्हणतो, 'आधी हे पूर्ण बरे होऊ द्या, मग मी जगायला लागेन.' या बाबतीत आपल्या बडोद्याच्याच इतिहासातले एक उदाहरण मननीय आहे.

नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावी १८६३ साली जन्मलेला एक मुलगा १८७५ साली दत्तक होऊन बडोद्याच्या गादीवर आला. तेच महाराज सयाजीराव गायकवाड. डिसेंबर १८८१ मध्ये, वयाच्या अवघ्या अठराव्या वर्षी, राज्याचे सर्व अधिकार त्यांच्या हाती आले. अध्ययन आणि राज्यकारभार यांचा भार कोवळ्या वयात पडला होता. त्यात १८८५ साली त्यांच्या पहिल्या पत्नी चिमणाबाई क्षयाने निवर्तल्या. त्यानंतरच्या काळात महाराजांना निद्रानाशाने आणि मज्जातंतूंच्या थकव्याने गाठले. येथील उपायांनी गुण येईना, तेव्हा वैद्यकीय सल्ल्यावरून १८८७ साली ते युरोपला गेले. त्या काळी अशा दुखण्यांना पाश्चात्त्य डॉक्टर 'न्यूरॅस्थेनिया' म्हणत. अमेरिकेतील डॉक्टर जॉर्ज बेअर्ड यांनी १८६९ साली ते नाव प्रचारात आणले होते. नाव मिळाले म्हणून दुखणे गेले, असे अर्थातच नव्हे. त्या पहिल्या प्रवासाने महाराजांची प्रकृती कायमची सुधारली नाही. हवापालटासाठी त्यांना पुढे वारंवार परदेशी जावे लागले, आणि त्यावरून टीकाही झाली. १९०० साली व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन यांनी संस्थानिकांच्या परदेशगमनावर निर्बंध घालणारे परिपत्रक काढले, त्याचा जाच महाराजांना विशेष झाला.

आता त्याच वर्षांचा दुसरा हिशोब पाहा. १८९० साली बडोद्यात कलाभवन सुरू झाले. १८९२ साली आजव्याच्या तलावाचे पाणी शहरात आले. १८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू झाला आणि १९०६ साली तो सर्व राज्यात लागू झाला. १९०८ साली बँक ऑफ बडोदाची स्थापना झाली. १९१० साली अमेरिकेतून बॉर्डन यांना बोलावून ग्रंथालयांची चळवळ उभारण्यात आली. हे सर्व ज्यांच्या कारकिर्दीत झाले त्या राज्यकर्त्याची झोप आणि प्रकृती तक्रारीचीच होती. आणि महाराज ६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईस निवर्तले तेव्हा त्यांचे वय पंच्याहत्तर वर्षांचे होते.

या उदाहरणातून मनाच्या बळावर सर्व रोग बरे होतात, असा धडा मला काढावयाचा नाही. महाराजांना उपचारांची गरज होती आणि त्यांनी ते घेतले; सामान्य माणसाला न मिळणारी साधनेही त्यांच्यापाशी होती. माझा मुद्दा लहान आहे. झोप पूर्ववत होईपर्यंत त्यांनी राज्यकारभार बाजूला ठेवला असता, तर या शहरातल्या कितीतरी मुलामुलींची अक्षरओळख लांबणीवर पडली असती. दुखणे आणि काम ही दोन्ही एकाच आयुष्यात, एकाच दिवसात राहू शकतात. शंभर टक्के खात्री मिळाल्यावर जगू, असे म्हणणाऱ्याला ती खात्री कधीच मिळत नाही. कारण ती कोणालाच मिळालेली नाही. निरोगी माणूस आपल्या आयुष्यातली अनिश्चितता दृष्टीआड ठेवून चालतो, धास्तावलेला माणूस ती डोळ्यांसमोर धरून थांबतो. फरक असलाच तर एवढाच.

महाराजांनाही टीका चुकली नाही; मग सामान्य घरातल्या माणसाची काय कथा? ज्याचा रोग अहवालात दिसत नाही त्याची थट्टा होते. याविषयी फ्रान्समधली एक घटना ध्यानात ठेवण्यासारखी आहे. मोलिएर या नाटककाराने १६७३ साली 'काल्पनिक रोगी' या विषयावर प्रहसन लिहिले आणि त्यातल्या रोग्याची भूमिका स्वतः केली. १७ फेब्रुवारीला, चौथ्या प्रयोगाच्या वेळी, त्याला रंगभूमीवरच झटका आला. त्याने कसाबसा प्रयोग पार पाडला आणि त्याच रात्री घरी त्याचा अंत झाला. फुप्फुसाचे दुखणे त्याला बराच काळ होते. प्रेक्षक ज्याच्या सोंगाला हसत होते तो खरोखरच मरणोन्मुख होता. तेव्हा सदा घाबरणारा माणूसही आजारी पडू शकतो, हे घरच्यांनी आणि डॉक्टरांनी विसरू नये. त्याची नवी तक्रार, वर सांगितलेल्या लक्षणांपैकी असेल तर, इतर कोणाच्याही तक्रारीइतक्याच गांभीर्याने घेतली पाहिजे.

तथापि थट्टा टाळावयाची म्हणजे दिवसभर धीर देत राहावे, असेही नव्हे. 'अहो, काही झालेले नाही तुम्हाला' हे वाक्य पत्नीने दिवसातून दहा वेळा म्हटले, तर प्रत्येक वेळी घटकाभर बरे वाटते आणि अकराव्या वेळची गरज निर्माण होते. त्यापेक्षा, 'अहो, डॉक्टरांनी पुढची तारीख दिली आहे ना? तेव्हा विचारू. आता चला, सुरसागराला एक फेरी मारून येऊ,' असे म्हणणे अधिक हिताचे. यात दुखण्याची अवहेलनाही नाही आणि भीतीची सेवाही नाही.

स्वतः त्या माणसानेही काही पथ्ये पाळावीत. गाठ चाचपणे, नाडी पाहणे, आरशात जीभ पाहणे यांची दिवसातली संख्या प्रथम मोजावी आणि दर आठवड्याला ती कमी करावी. एकदम बंद करण्याची प्रतिज्ञा बहुधा मोडते. दहाचे सात, सातांचे चार असे उतरावे. पहिले काही दिवस बेचैनी वाढेल. पण ती लाटेप्रमाणे चढते आणि काही केले नाही तरी ओसरते, हा अनुभव घेणे हेच खरे औषध आहे. रोगांविषयी मोबाईलवर शोधणे, निदान रात्री तरी, वर्ज्य करावे. शंका आल्या तर त्या वहीत लिहाव्यात आणि सायंकाळची पंधरा मिनिटे त्यांच्यासाठी राखून ठेवावीत. सकाळच्या शंकेचे तेज सायंकाळपर्यंत पुष्कळदा मावळलेले असते. रोज चालावे, किंवा झेपेल तो व्यायाम करावा. जुम्मादादांच्या आणि राजरत्न माणिकरावांच्या आखाड्याची परंपरा ज्या शहराला आहे, त्याला व्यायामाचे महत्त्व सांगावयास नको. येथे त्याचा एक विशेष उपयोग असा की, श्रमाने वाढलेली धडधड आणि भीतीने वाढलेली धडधड एकाच जातीची असते, आणि दोन्ही आपोआप शांत होतात, हे शरीराला कळते.

एवढे करूनही भीती हटत नसेल, कामात आणि झोपेत ती सहा महिने व्यत्यय आणीत असेल, तर ती स्वतःच एक आजार आहे असे समजावे आणि तिच्यावर उपचार घ्यावेत. विचार आणि वर्तन यांची दिशा बदलणारी मानसोपचाराची पद्धती यासाठी उपयुक्त ठरलेली आहे, आणि गरज पडल्यास औषधेही आहेत. आपल्या शहरात सयाजी रुग्णालयात मानसोपचाराची सोय आहे, आणि कारेलीबागेत शासनाचे मानसिक आरोग्य रुग्णालय आहे. तेथे जाण्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. भारत सरकारने २०२२ साली सुरू केलेल्या 'टेलि-मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस विनामूल्य उपलब्ध आहे. त्यावर आपल्या भाषेत बोलता येते.

श्रोतेहो, वय वाढते तसे शरीर बदलतच राहणार. नव्या गाठी, नवे डाग, नवे ठोके प्रत्येकाच्या वाट्याला येणार आहेत, आणि त्यांतल्या पुष्कळांचे कारण आपणांस कधीच कळणार नाही. जे दाखवावयाचे ते वेळेवर दाखवावे. दाखवून झाल्यावर तो कागद घडी करून कपाटात ठेवावा आणि पुढची तारीख भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लिहावी. मधले सारे दिवस मात्र त्या गाठीचे नाहीत. ते आपले आहेत, आपल्या कामाचे आहेत आणि आपल्या घरच्या माणसांचे आहेत.